ब्लँकमध्ये बीडीई-४७ परत परत येतंय? माशांतली ज्वालारोधकं मोजताना आधी हे तपासा

लक्षण असं असतं. बॅचमध्ये दहा मासे, एक स्पाइक (माहीत प्रमाण मुद्दाम घातलेला नमुना), एक ब्लँक. माशांचे आकडे पटण्यासारखे असतात, स्पाइकची रिकव्हरी, म्हणजे घातल्यापैकी किती परत मिळालं ते, जागेवर असते, आणि ज्या ब्लँकमध्ये मासा घातलेलाच नाही तिथे बीडीई-४७ या ज्वालारोधकाचं पीक (यंत्राच्या आलेखावरचं शिखर) ठळक उभं असतं. भांडी पुन्हा धुता, हेक्झेन या द्रावकाची नवी बाटली उघडता, पुढची बॅच स्वच्छ येते. वाटतं, सुटलं. तिसऱ्या बॅचला ते परत हजर.

गोड्या पाण्यातल्या माशांत पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल इथर, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातले पीबीडीई, मोजणाऱ्यांकडून ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. आमच्या लॅबने तिच्यापायी कित्येक महिने घालवले. भिगवणच्या बाजारातून आणलेले कटला, रोहू, चिलापी, सायप्रिनस फ्रीझरमध्ये पडून होते आणि आम्ही रिकाम्या नळ्याच तपासत होतो. तेव्हा जे कळलं ते इथे लिहितो आहे.

हे पीक इतकं चिवट का

कीटकनाशक मोजताना आपण शेतात नसतो. पीबीडीई मोजताना मात्र आपण त्यांच्या घरातच बसलेलो असतो. खुर्चीच्या गादीतला फोम, संगणकाचं आणि टीव्हीचं आवरण, पडदे, वायरी या सगळ्या वस्तूंना आग लवकर लागू नये म्हणून ही रसायनं वापरली गेली. ती प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. वस्तू जुनी होते तशी ती हळूहळू सुटतात आणि धुळीत येऊन बसतात.

माशांत ती पहिल्यांदा सापडली स्वीडनमधल्या विस्कान नदीत. तो शोध १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्या नदीकाठी कापड उद्योग होता. पुढे उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समधल्या लेक ट्राउट माशांत १९८० ते २००० या काळात पीबीडीईचं प्रमाण दर तीन-चार वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं दिसलं. अमेरिकेत पेंटा आणि ऑक्टा या व्यापारी मिश्रणांचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात ती दोन्ही २००९ साली आली, डेका हे तिसरं मिश्रण २०१७ साली. भारतानेही मार्च २०१८च्या नियमांनी पेंटा-ऑक्टामधल्या घटकांवर बंदी घातली. पण बंदी नव्या मालावर येते. जुनी खुर्ची आपल्या टेबलाखाली तशीच असते.

आता आकड्यांचं प्रमाण बघा. युरोपीय संघाच्या २०१३च्या निर्देशात माशांमधल्या सहा काँजेनरच्या, म्हणजे ब्रोमीनची संख्या आणि जागा यांवरून क्रमांक दिलेल्या पीबीडीईच्या (२८, ४७, ९९, १००, १५३, १५४), बेरजेची मर्यादा ओल्या वजनावर किलोला ०.००८५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमला ८.५ पिकोग्रॅम. पाच ग्रॅम मासा घेतला तर अख्ख्या नळीत ४२.५ पिकोग्रॅम. दुसरीकडे अमेरिकेच्या मानक संस्थेची एसआरएम २५८५ ही घरातल्या धुळीची प्रमाणित बाटली घ्या. तिच्यात बीडीई-४७ आहे ग्रॅमला ४९७ नॅनोग्रॅम. भागाकार केला तर असल्या धुळीचे सुमारे ८५ मायक्रोग्रॅम नळीत पडले की एकट्या ४७नेच सगळी मर्यादा भरून निघते. तांदळाचा दाणा साधारण वीस मिलिग्रॅमचा असतो. त्याचे दोनशेहून जास्त तुकडे केले तर त्यातला एक. एवढी धूळ डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही.

भांडी धुण्याआधी पीकचा नमुना वाचा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. ब्लँकमध्ये पीक दिसलं की आपण लगेच धुवायला धावतो. त्याआधी क्रोमॅटोग्रामपुढे, म्हणजे पीकच्या आलेखापुढे, दहा मिनिटं बसा आणि एकच प्रश्न विचारा: ४७च्या तुलनेत ९९ किती आहे?

पेंटाच्या व्यापारी मिश्रणात ९९ हे ४७पेक्षा थोडं जास्तच असतं. धुळीतही तसंच. वर सांगितलेल्या २५८५च्या बाटलीत ४७ आहे ४९७ आणि ९९ आहे ८९२. माशात चित्र उलटं असतं. तिथे बहुतेक वेळा ४७ सगळ्यांच्या वर असतं आणि ९९ बरंच खाली.

म्हणजे ब्लँकमध्ये ९९ हे ४७च्या बरोबरीने किंवा वर असेल तर ती धूळ किंवा फोम आहे; खोली तपासा. ४७ उंच आणि ९९ नाममात्र असेल तर तुमच्या ब्लँकमध्ये मासाच आला आहे. मिक्सरचं पातं, होमोजिनायझर, चिमटा, सुरी यांपैकी काहीतरी दोन नमुन्यांच्या मध्ये नीट धुतलं गेलेलं नाही, किंवा नमुना स्वच्छ करायच्या सिलिकाच्या कॉलमवर शेजारच्या नळीतून थेंब उडाला आहे. आणि सगळे काँजेनर जवळपास सारख्या प्रमाणात, तुमच्या कॅलिब्रेशन मिश्रणासारखे दिसत असतील, तर स्टँडर्डच (माहीत प्रमाणाचं द्रावण) गळतं आहे: सिरिंज, सेप्टम (इंजेक्टरचं रबरी झाकण), किंवा ज्या टेबलावर स्टँडर्ड बनवता तिथेच उघडं ठेवलेलं एक्स्ट्रॅक्ट (माशातून काढलेला अर्क). एकटं २०९ येत असेल तर त्याची गोष्ट वेगळी, ती पुढे.

ही तीन चित्रं ओळखायला शिकल्यावर आमचं निम्मं धुणं थांबलं. त्याआधी आम्ही धुळीचा आजार भांडी धुऊन बरा करायला बघत होतो, आणि दोन बॅच चांगल्या आल्या की तोच उपाय लागू पडला असं समजत होतो.

सोमवारचा ब्लँक

आमच्याकडे नमुना धुळीचा निघाला. ९९ वर, ४७ खाली. पण धूळ रोजच असते, मग पीक मधूनच का? लॉगबुकमधले सहा महिन्यांचे ब्लँक तारखेने मांडले तेव्हा दिसलं की चढलेले ब्लँक बहुतेक सोमवारी काढलेल्या बॅचचे होते.

सोमवारी वेगळं काय होतं? सकाळी सफाईला येणाऱ्या मावशींना विचारलं, "मावशी, सोमवारी तुम्ही आधी काय करता?" त्या म्हणाल्या, "आधी कोरडं झाडून घेते आणि मग फडकं मारते. दोन दिवसांची धूळ असते ना सर, नुसत्या फडक्याने निघत नाही." त्यांचं काम त्या नीटच करत होत्या. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर आमचं नायट्रोजनवरचं आटवणं चालू असायचं. नळ्यांची तोंडं उघडी, वरून वायूचा झोत, आणि खाली झाडूने उठवलेली दोन दिवसांची धूळ.

तेवढ्याने धुळीची वेळ कळली, धुळीचं मूळ कळलं नाही. त्यासाठी आम्ही भट्टीत ४५० अंशांवर भाजलेलं सोडियम सल्फेट काचेच्या उथळ बशांमध्ये पसरलं आणि खोलीत सहा ठिकाणी आठ-आठ तास उघडं ठेवलं. मग प्रत्येक बशी हेक्झेनने धुऊन इंजेक्ट केली. सगळ्यात वाईट बशी निघाली वजनकाट्याजवळची. तिथे एक जुनी खुर्ची होती, फार पूर्वी परदेशातून आलेल्या एका यंत्राबरोबरची. रेक्झिन एका कडेला फाटलेलं. त्या फटीतून बोट आत घातलं तर फोम दाबल्यावर परत वर येईना. त्याचा पिवळा, किंचित चिकट भुगा झाला होता. कोणी बसलं की फटीतून तो भुगा हळूच बाहेर यायचा. वजनकाट्यासमोर माणूस बसतो, उठतो, पुन्हा बसतो, आणि पुढ्यात कच्च्या मासळीची उघडी वाटी असते.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. असा फोम सापडला तर त्याचं एक्स्ट्रॅक्ट माशांच्या यंत्रावर तसंच टोचू नका. जुन्या पेंटाच्या फोममध्ये हे रसायन वजनाच्या काही टक्के असायचं. तीन टक्के धरलं तरी एका मिलिग्रॅम भुग्यात तीस मायक्रोग्रॅम, म्हणजे तीन कोटी पिकोग्रॅम. आपण शोधतो आहोत चाळीस. लायनर (इंजेक्टरमधली काचनळी), कॉलम, सोर्स सगळं बाटेल आणि पुढचा महिना यंत्र धुण्यात जाईल. आधी हजारपट, मग पुन्हा हजारपट डायल्यूट करा, तेही वेगळ्या खोलीत आणि वेगळ्या पिपेटने. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्य ओळखणारं) कुठून उसनं मिळालं तर फोममध्ये ब्रोमीन आहे की नाही हे काही न विरघळवता दोन मिनिटांत कळतं. नंतर आम्ही तेच केलं आणि बाकीच्या खुर्च्या तपासून घेतल्या.

खुर्ची गेली, तिच्या जागी पत्र्याचं स्टूल आलं. कोरडं झाडणं बंद झालं. ओलं फडकं, तेही बॅच सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी. आटवायच्या नळ्यांच्या तोंडावर भाजलेल्या फॉईलची टोपी आली, मधोमध सुईपुरतं भोक पाडून.

सोमवारही नाही आणि खुर्चीही नाही, तर

मग पायरी पायरीने ब्लँक काढा. एक्स्ट्रॅक्शनपासून सुरुवात नको, यंत्राकडून उलट मागे या, वेळ वाचतो.

पहिल्यांदा नुसतं ताजं हेक्झेन इंजेक्ट करा. पीक आलं तर दोष यंत्रात आहे: सेप्टम, लायनर, सिरिंज, किंवा आधीच्या मोठ्या स्टँडर्डचा उरलेला अंश. नाही आलं तर शंभर मिलिलिटर हेक्झेन शंभर मायक्रोलिटरपर्यंत आटवून टोचा. द्रावण हजारपट घट्ट होतं, त्यामुळे बाटलीतला आणि आटवणीतला दोष इथे उघडा पडतो. तेही स्वच्छ असेल तर सिलिकाच्या कॉलमवरून नुसतं द्रावण उतरवा. सिलिका, ॲसिड सिलिका, काचलोकर, सोडियम सल्फेट हे सगळे यात येतात. आमच्या अनुभवात काचलोकर लोक विसरतात. तीही भाजायची असते. शेवटी पूर्ण एक्स्ट्रॅक्शनचा ब्लँक, माशाऐवजी फक्त सोडियम सल्फेट घालून.

प्रत्येक पायरीला किमान तीन नळ्या. एका नळीवर निष्कर्ष काढलात तर धूळ पडली की नाही हे निव्वळ नशिबावर जातं आणि तुम्ही निर्दोष सिलिका फेकून द्याल.

नायट्रोजनची नळी मात्र वेगळी बघा. सिलिंडरपासून सुयांपर्यंतच्या वाटेत प्लॅस्टिकचा किंवा रबराचा तुकडा असेल तर तो तांब्याने किंवा स्टीलने बदला.

वजा करून टाकू का?

हा प्रश्न हमखास येतो: ब्लँकचा आकडा माशातून वजा केला की झालं ना? ब्लँक लहान आणि स्थिर असेल तर चालतं. वर-खाली होणारा ब्लँक वजा करणं म्हणजे आपणच आपल्याला फसवणं.

हिशोब करून बघा. समजा तीन ब्लँक आले २०, २५ आणि ९० पिकोग्रॅम. सरासरी ४५, प्रमाण विचलन ३९. सरासरीत तीन विचलनं मिळवली तर १६२. पाच ग्रॅम माशाला भागलं तर तुमची शोधमर्यादा झाली ग्रॅमला ३२ पिकोग्रॅम, म्हणजे ८.५च्या जवळपास चौपट. ज्या मर्यादेशी तुलना करायची तीच तुम्हाला दिसत नाही. आता तेच ब्लँक २०, २५, २४ असते तर सरासरी २३, विचलन २.६, शोधमर्यादा ग्रॅमला साधारण ६. पहिल्या दोन नळ्या दोन्हीकडे त्याच आहेत. एका नव्वदने सगळं घालवलं. म्हणून ब्लँक शून्य करण्यामागे लागण्याआधी तो स्थिर करा.

दुसरा मार्ग म्हणजे पाचऐवजी वीस ग्रॅम मासा घेणं. ब्लँक तेवढाच राहतो आणि भागाकार चौपट मोठ्या संख्येने होतो. पण चरबीही चौपट येते. सल्फ्युरिक ॲसिडने किंवा ॲसिड सिलिकाने ती जाते, पीबीडीई टिकतात. फक्त ॲसिड जास्त लागतं, थर वेगळे व्हायला सेंट्रिफ्यूज लागतं, आणि चरबी उरली तर लायनर काळा पडतो. चरबीचं वजन ॲसिडच्या आधी, एक्स्ट्रॅक्टचा वेगळा भाग काढून करायचं. ॲसिड घातल्यावर वजन करायला चरबी उरत नाही. घाईत ही चूक सहज होते.

एकटं २०९

डेका म्हणजे बीडीई-२०९. दहा ब्रोमीन, रेणुभार ९५९, आणि स्वभाव बाकीच्यांहून निराळा. त्याची रिकव्हरी एका बॅचला ४०, दुसरीला ११० येत असेल तर दोन जागा बघा.

पहिली जागा इंजेक्टर आणि कॉलम. २०९ उष्णतेने तुटतं. शुद्ध २०९चं स्टँडर्ड एकटं टोचा. सोबत २०६, २०७, २०८ ही नोना (नऊ ब्रोमीनची) पीकं दिसली किंवा २०९च्या आधी बेसलाइन उताराशिवाय वर चढत गेली, तर ते यंत्रात तुटतं आहे. तीस मीटरचा कॉलम यासाठी लांब पडतो. पंधरा मीटर, ०.१ मायक्रोमीटरची पातळ फिल्म, नवा निष्क्रिय केलेला लायनर. कार्बनचा आयसोटोप असलेलं २०९ आतलं स्टँडर्ड म्हणून वापरत असाल तर तुटीची भरपाई होते, कारण दोन्ही सारखंच तुटतात. पण तुटलेले तुकडे नोनाच्या आकड्यात जाऊन बसतात, तिकडे लक्ष ठेवा.

दुसरी जागा काच आणि उजेड. २०९ काचेला चिकटतं, हेक्झेनमध्ये नीट विरघळत नाही, उन्हात ब्रोमीन सोडतं. स्टँडर्ड टोल्युइनमध्ये, तपकिरी काचेत, वरून फॉईल. नळी बदलताना टोल्युइनने दोनदा खंगाळा. खिडकीशेजारच्या टेबलावर एक्स्ट्रॅक्ट ठेवू नका, "दोनच मिनिटं" म्हणूनही नको.

आणि माशाच्या स्नायूत २०९ भरपूर आलं तर आनंद मानण्याआधी शंका घ्या. हा रेणू गाळाला धरून राहतो, मांसात फार कमी जातो. कापताना आतडं फुटलं का? पोटातला गाळ मांसाला लागला का? त्या दिवशीच्या ब्लँकमध्ये काय होतं?

सायप्रिनसमध्ये ९९ दिसतच नाही, यंत्र बिघडलं का?

नाही. याच्यापायी आम्ही एक कॉलम उगाच बदलला, म्हणून सांगतो. त्याच बॅचमधल्या दुसऱ्या माशांत ९९ होतं, स्पाइकमध्ये ९९ची रिकव्हरी उत्तम होती, आणि सायप्रिनसच्या नळीत जवळजवळ शून्य.

कॉमन कार्प, ज्याला आपल्याकडे सायप्रिनस म्हणतात, आपल्या आतड्यातच ९९मधला एक ब्रोमीन काढून त्याचं ४७ करतो. संशोधक हेदर स्टेपलटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हे प्रयोगाने दाखवलं. १८३चं १५४ होतं हेही त्यातच दिसलं. म्हणून सायप्रिनसचं ४७ आणि कटल्याचं ४७ एका ओळीत मांडून "हा तलाव जास्त दूषित" असं म्हणू नका. जात वेगळी, आतडं वेगळं. दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोन्हीकडून एकच जात आणि साधारण एकाच मापाचे मासे घ्या.

१५४चा आकडा अनपेक्षित मोठा आला तर आणखी एक शक्यता असते. नेहमीच्या पाच टक्के फिनाइलच्या कॉलमवर पॉलिब्रोमिनेटेड बायफिनाइलचा १५३ क्रमांक त्याच वेळेला उतरतो. ऋण आयनीकरणात नुसता ब्रोमाइड, म्हणजे ७९ आणि ८१, मोजत असाल तर दोघांत फरक कळत नाही. ७९ आणि ८१चं प्रमाण जवळपास एकास एक आलं म्हणजे तिथे ब्रोमीन आहे एवढंच सिद्ध होतं. शंका असेल तो नमुना इलेक्ट्रॉन आयनीकरणात रेणूच्या आयनावर पुन्हा चालवा.

आकडा लिहिताना ओल्या वजनावर की चरबीवर हे न चुकता लिहा, आणि चरबीची टक्केवारी शेजारच्या रकान्यात द्या. ओल्या वजनावर ग्रॅमला १ नॅनोग्रॅम असलेला एक टक्का चरबीचा मासा चरबीवर १०० होतो आणि दहा टक्के चरबीचा १०. पोटाकडचा तुकडा पाठीकडच्या तुकड्यापेक्षा चरबीदार असतो, म्हणून तुकडा कुठला घेतला, कातडीसह की कातडी काढून, हेही लॉगबुकात असू द्या. उरलेला अर्धा मासा भाजलेल्या फॉईलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा, आणि पाकिटावर त्या बॅचच्या ब्लँकचा क्रमांक लिहा. तीन महिन्यांनी कोणी आकड्यावर बोट ठेवलं तर तोच मासा स्वच्छ ब्लँकसोबत पुन्हा चालवता येतो.